पाचाचं कडं लागत नाही

९ जानेवारी २०२५
यशवंतपूर, बेंगळुरू

श्री. संताजीराव,
अंबाभवानी बटण स्टोअर्स, चिकपेट

नमस्कार. मी काल तुमच्या दुकानात आले होते. तोंडी मागणी घेत नाही, कागदावर द्या, असं तुम्ही म्हणालात. घरच्यांशी तुम्ही मराठीत बोलत होतात, म्हणून मराठीत लिहिते आहे. कन्नड मला अजून लिहिता येत नाही.

हवं आहे ते असं. पहिलं, कापडी चेंडू, आत कापूस, मोठ्या लिंबाएवढे, साठ. दुसरं, प्रत्येक चेंडूवर चार टिचबटणं. चारही एकमेकांपासून सारख्या अंतरावर हवीत, म्हणजे चेंडूच्या मध्यातून पाहिलं तर कोणत्याही दोन बटणांमध्ये एकशे नऊ पूर्णांक पाच अंशांचा कोन. तिसरं, टिचबटणाचे दोन भाग असतात, खुंटीचा आणि खोबणीचा. प्रत्येक चेंडूवर दोन खुंटीचे आणि दोन खोबणीचे लावावेत.

१ मार्चला आमच्या विज्ञान संस्थेचा खुला दिवस आहे. शाळेची मुलं हे चेंडू एकमेकांना जोडतील आणि ओढतीलही, त्यामुळे टाके पक्के हवेत. २० फेब्रुवारीपर्यंत मिळावेत.

शंका असल्यास लिहून कळवावं.

यशश्री


१३ जानेवारी
चिकपेट

यशश्रीबाई,

तुमचा कागद तीनदा वाचला. एकदा मी, एकदा सकवारला ऐकवायला, आणि एकदा उगाच. आमचे लोक शहाजीराजांबरोबर इकडं आले असं घरात सांगतात. तेव्हापासून आम्ही घरी मराठीच बोलतो, पण तिकडच्या कुणी आम्हाला मराठीत कागद लिहिल्याचं मला तरी माहीत नाही. तुमचा पहिला. आणि त्यात काय, तर एकशे नऊ पूर्णांक पाच.

सकवार माझी बायको. शिवण तीच करते. पस्तीस वर्षं निम्म्या चिकपेटेच्या ब्लाउजांची बटणं तिनं लावलीत. तिनं विचारलं, एकशे नऊ पूर्णांक पाच ताप कुणाला आहे? मी म्हटलं, तो अंश वेगळा. ती म्हणाली, वेगळा म्हणजे किती वेगळा? पुढं मला सांगता येईना. स्वल्प सोपं करून तुम्हीच सांगा.

आणखी एक. चाळीस वर्षं टिचबटणं विकतोय. तुम्ही ज्याला खुंटी आणि खोबणी म्हणता त्याला आम्ही नर आणि मादी म्हणतो. ब्लाउजाला लागतात, झबल्याला लागतात, उशीच्या खोळीला लागतात. विज्ञानाला लागल्याचं ऐकलं नाही. तुम्ही तिथं करता काय? आमचा शिवकुमार म्हणतो, त्या संस्थेत नुसती झाडं आहेत आणि झाडांखाली चपला घातलेली माणसं विचार करत फिरतात. तो वीस वर्षं आमचा मालाचा टेम्पो चालवतो, यशवंतपूरला त्याची रोज फेरी असते. हा कागद त्याच्याकडे देतोय. टपालापेक्षा लवकर पोचेल, वाटेत तो वाचत बसला नाही तर.

संताजी


१७ जानेवारी

संताजीराव,

कोनाचं सोपं उत्तर: चेंडू तीन पायांवर उभा आहे आणि त्याला वर एक शेंडी आहे असं समजा. तीन पाय आणि शेंडी, मिळून चार बटणं. चेंडू कसाही कलंडला तरी तसाच दिसायला हवा. प्रत्येक बटणाला शेंडी होता आलं पाहिजे. कुणालाही ताप नाही, हे सकवारबाईंना सांगावं.

मी काय करते हे तुम्ही विचारलंत. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढे गोल कण असतात. ते पाण्यात तरंगतात आणि पाणी त्यांना सतत धक्के देत असतं. अशा कणांवर चार चिकट ठिपके असले तर ठिपक्याला ठिपका चिकटतो. पाणी अगदी सावकाश थंड करत नेलं तर कण आपापले शेजारी शोधतात, चुकीचे शेजारी सोडतात, आणि शेवटी एक नीटस जाळी तयार होते. हिऱ्यात असते तशी. त्यांना कुणी रांगेत उभं करत नाही. मी हे पाण्यात न करता संगणकावर करते. कणांना नियम सांगायचे, धक्के द्यायचे आणि पाहत बसायचं. त्या अर्थी शिवकुमार यांचं निरीक्षण बरोबर आहे. चपलांबद्दलचंही.

अशा जाळीतून ठरावीक रंगाचा प्रकाश अडवता येईल, हवा तिकडे वळवता येईल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो.

२० मार्चला मला हे काम समितीपुढे दाखवायचं आहे. जाळी झालेली दिसली तर आणखी दोन वर्षं मिळतील आणि पीएचडी पुरी होईल. नाही दिसली तर लहान पदवी घेऊन अकोल्याला परत. अजून झालेली नाही. होईल. खुल्या दिवसाच्या तयारीत माझे दिवस जाऊ नयेत, म्हणून शिवण तुमच्याकडे दिली आहे.

यशश्री


२७ जानेवारी

यशश्रीअक्का,

अक्का म्हटलं म्हणून रागावू नका. दुकानात आलेली प्रत्येक बाई आम्हाला अक्का, मग ती सहा वर्षांची का असेना.

एक गोष्ट घडली आहे. कळवावी की नाही, असा दोन दिवस विचार केला. सकवारनं तुमचे साठ चेंडू शिवून दिले. इकडंतिकडं जाऊ नयेत म्हणून मी ते तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले, झाकण लावलं आणि शिवकुमारच्या टेम्पोत मागं ठेवून विसरलो. तो दिवसभर फिरला. चिकपेट ते यशवंतपूर, तिथून पीण्या वसाहतीत दोन कारखान्यांत झिपा पोचवल्या, परत चिकपेट. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. संध्याकाळी डबा उघडला तर एकही चेंडू सुटा नाही. सगळे एकमेकांना लागलेले, आणि गुंता म्हणाल तर अजिबात नाही. सहासहाची कडी, कड्याला कडं, एकदम नीटस. शिवकुमार साक्षीदार आहे. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही, पण साक्षीदार तोच आहे.

तुमच्या कणांना पाणी धक्के देतं, इथं खड्ड्यांनी दिले. तुमच्या संगणकाला जे जमत नाही ते पीण्याच्या रस्त्याला जमत असेल तर समितीलाच टेम्पोत बसवा, असं सकवार म्हणते. मी म्हटलं, असं लिहू नये. तिनं लिहायला लावलं.

संताजी


२९ जानेवारी

संताजीअण्णा,

तुमचं निरीक्षण वाचलं.

टिचबटण लागायला अंगठ्याचा किती जोर लागतो, हे चाळीस वर्षं टिचबटणं विकणाऱ्या माणसाला विचारणं बरं दिसत नाही. म्हणून ते विचारत नाही. बाकीचं विचारते. एकूण फेऱ्या किती झाल्या? प्रत्येक फेरीनंतर किती चेंडू जुळलेले होते? शेवटची फेरी हळू होती का? (धक्के सावकाश कमी केले तरच माझ्याकडे काही जुळतं.) शेवटी किती बटणं मोकळी राहिली? आणि पाचाची कडी किती झाली?

शेवटचा प्रश्न का, ते सांगते. पंचकोनाचा कोन एकशे आठ अंशांचा. माझ्या ठिपक्यांमधला कोन एकशे साडेनऊ. फरक दीड अंशाचा, आणि कणांना तो कळत नाही. सहाच्या कड्यांऐवजी ते पाचाची करून बसतात, आणि पाचाच्या कड्यांतून हिऱ्याची जाळी होत नाही, लोळागोळा होतो. ठिपके बारीक केले तर कण काटेकोर वागतात. पण आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत ईशान नावाचा मुलगा हे कण खरे बनवतो, आणि त्याला बारीक ठिपके जमत नाहीत, रुंदच होतात. जे बनवता येत नाही त्याची सुंदर जाळी दाखवून मला काही मिळवायचं नाही. म्हणून मी रुंद ठिपके घेतले. चौदा महिने लोळागोळा होतो आहे.

तेव्हा पाचाच्या कड्यांचा आकडा मला खरा हवा आहे. बाकीचे आकडे तुम्हाला सुचतील तसे पाठवले तरी चालतील.

यशश्री


६ फेब्रुवारी

यशश्रीअक्का,

आकडे घ्या.

फेरी पहिली, मागडी रोडवरून: अकरा चेंडू लागले. फेरी दुसरी, पीण्यावरून: चौतीस. फेरी तिसरी, उड्डाणपुलावरून: नवा एकही नाही, पूल गुळगुळीत आहे, उलट दोन सुटले. फेरी चौथी, पुन्हा पीण्या: एक्कावन्न. फेरी पाचवी: सगळे साठ. शेवटच्या फेरीला शिवकुमारला हळू चालवायला सांगितलं होतं. का सांगितलं ते आठवत नाही, पण तुमचा कागद यायच्या आधी सांगितलं होतं.

मोकळं राहिलेलं बटण: एकही नाही. काम पक्कं आहे.

पाचाची कडी: शून्य. हे मात्र अगदी खरं. सकवारनं मुद्दाम करून बघितलं. चार लागले, पाचवा लागेना. दाबून दाबून अंगठा लाल झाला तिचा. म्हणजे डब्यात बघितलं. म्हणजे डबा हलवून बघितला. कागद दुसरा लिहिणार होतो, पण शिवकुमार गाडी सुरू करून हॉर्न वाजवतोय.

संताजी


७ फेब्रुवारी

संताजीअण्णा,

पाच फेऱ्यांचे आकडे मिळाले. वहीत वेगळ्या पानावर ठेवले आहेत, बाकीच्या आकड्यांत मिसळू नयेत म्हणून.

'हे मात्र अगदी खरं' असं तुम्ही एकाच वाक्याबद्दल लिहिलं आहे. त्यामुळे इतर वाक्यांबद्दल माझी खात्री झाली. पण मला त्या एका वाक्यातच रस आहे. रचणारा माणूस जमलेल्या गोष्टी रचतो. न जमलेली गोष्ट आणि लाल झालेला अंगठा कुणी रचत नाही.

माझ्या मागणीप्रमाणे प्रत्येक चेंडूवर दोन नर, दोन मादी असतील तर पाचाचं कडं सहज लागायला हवं. मी कागदावर काढून पाहिलं. सकवारबाईंना पाचवा का लागला नाही? उत्तरात टेम्पो आणू नये. चेंडू जोडलेले आहेत तसेच, न सोडवता, शिवकुमार यांच्याबरोबर पाठवा.

२० मार्चला एक्केचाळीस दिवस उरले आहेत.

यशश्री


१० फेब्रुवारी

यशश्रीअक्का,

चेंडू पाठवतोय. डब्यासकट. डबा खरा आहे.

आता सांगतो ते टेम्पोशिवाय. चूक झाली आहे. तुमच्या कागदावर तिसरं म्हणून जे होतं, दोन नर आणि दोन मादी, ते सकवारला वाचून दाखवायचं मीच विसरलो. तिनं आपल्या सवयीनं शिवले. ब्लाउजाला कसं, एका पट्टीला ओळीनं सगळे नर, दुसऱ्या पट्टीला ओळीनं सगळ्या मादी. नराची डबी उघडायची, ती संपेपर्यंत सुई थांबवायची नाही, मग मादीची डबी. तसे तिनं तीस चेंडूंवर नुसते नर लावले आणि तीस चेंडूंवर नुसत्या मादी. चारच्या चार. शिवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तुम्ही एकशे नऊनंतरचा अर्धा अंशसुद्धा सोडत नाही, तुम्हाला हे कसं सांगायचं? स्वल्प वेळ मिळावा म्हणून ते खड्ड्यांचं लिहिलं. मग तुम्ही आकडे मागितले. मागितल्यावर द्यावे लागतात.

सगळे उसवून तुमच्या कागदाप्रमाणे करायला दहा दिवस लागतील. २० तारखेपर्यंत होतात. डबा परत पाठवा, रागावू नका. दोष माझा आहे, सकवारचा नाही.

संताजी


११ फेब्रुवारी

संताजीअण्णा,

एकही टाका उसवू नका.

तुमचा डबा काल चार वाजता मिळाला. रात्रीचं जेवण राहिलं, हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मी टेबलावर पाच चेंडू घेऊन बसले. एक नर, एक मादी, एक नर, एक मादी आणि पाचवा पुन्हा नर. त्याच्या शेजारी पहिला येतो, तोही नर. लागणार कुठून? सहा घेतले तर लागतात. आठ घेतले तरी लागतात. पाच किंवा सात, काही केलं तरी नाही. यात कोनाचा संबंधच नाही. ठिपका रुंद असो की बारीक, पाचाचं कडं पुरं होऊच शकत नाही.

माझ्या कणांवरचे चारही ठिपके एकसारखे आहेत, कोणताही ठिपका कोणत्याही ठिपक्याला चिकटतो. चौदा महिने मी त्यांना दीड अंशाचा फरक शिकवत होते. त्याऐवजी निम्म्या कणांना नर, निम्म्यांना मादी करायचं आणि एवढंच सांगायचं, की आपल्यासारख्याला चिकटू नका.

आज सकाळी नव्या नियमानं संगणकावर सहा रन, म्हणजे सहा चाचण्या, लावले. पुरे व्हायला महिना लागेल. तोवर लिहिणार नाही, लिहिण्यासारखं काही नसेल. चूक तुमच्याकडून झाली असं तुम्ही म्हणता. माझ्या मते ती माझ्या कागदावर तिसऱ्या क्रमांकावर होती.

सकवारबाईंच्या अंगठ्याची चौकशी केल्याचं सांगावं.

यशश्री


३ मार्च

यशश्रीअक्का,

तीन आठवडे कागद नाही. नसेल असं तुम्ही लिहिलंच होतं, तरी शिवकुमार परत आला की मी विचारतो. तो आता मी विचारायच्या आधीच मान हलवतो.

परवा खुल्या दिवसाला आम्ही दोघं आलो होतो, ते तुम्ही बघितलंत. तुम्ही टेबलामागं हात बांधून उभ्या होतात आणि दर दहा मिनिटांनी चेंडू मोजत होतात. ओळख दिलीत, पण सुटे पैसे परत देतात तशी. सरी, चालायचंच, गर्दी होती.

मला लिहायचंय ते वेगळंच. तुम्ही चहाला गेलात तेव्हा सकवार टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मुलांना म्हणाली, पाचाचं कडं करून दाखवा, जो करेल त्याला डझन बटणं. पंधरावीस मुलं झटली. मग त्यांच्यात एक चष्मेवाल्या बाई शिरल्या. मुलं कंटाळून गेली तरी त्या तिथंच. शेवटी त्यांनी सकवारला कन्नडमध्ये विचारलं, हे लागत का नाही? सकवार म्हणाली, लागेल कसं, एका पट्टीला नर, एका पट्टीला मादी. तुम्ही ब्लाउज घालता ना? त्यांनी दोन चेंडू पर्समध्ये टाकले आणि निघून गेल्या. मागून कळलं, त्याच तुमच्या मार्गदर्शक, विद्या मॅडम.

अय्यो अक्का, तुम्ही त्यांना अजून सांगितलं नव्हतं हे आम्हाला काय माहीत? आम्ही काही बिघडवलं का? सकवार दोन दिवस जेवायला बसली की हेच विचारते. मला घास गिळू देत नाही. जाळी झाली का ते कळवा. नाही झाली तरी कळवा.

संताजी


२२ मार्च

संताजीअण्णा,

उशिरा लिहिते आहे. ३ मार्चच्या पत्राला लगेच उत्तर द्यायला हवं होतं, पण तेव्हा उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याच सोमवारी विद्या मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर तुमचे दोन चेंडू होते. त्या म्हणाल्या, "नर-मादीची ही युक्ती जगात आधीच झालेली आहे. पेपर आहेत. तू वाचले नव्हतेस?"

मी म्हटलं, "वाचले होते. त्यांचे ठिपके माझ्यापेक्षा बारीक होते, म्हणून आपल्याला लागू नाहीत असं ठरवून बाजूला ठेवले."

"आणि मग?"

"मग बटणवाल्यांच्या घरून तेच परत आलं."

त्यांनी चेंडू एकमेकांना लावले, सोडवले, पुन्हा लावले. मग म्हणाल्या, "ईशानच्या ठिपक्यांएवढे रुंद घेऊन कुणी केलंय?" मी म्हटलं, मला सापडलं नाही. "मग तुझं काम तेवढंच आहे. ते नीट कर. आणि मला खुल्या दिवसाला कळण्याआधी कळव." हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या.

सहा रनपैकी चारांत जाळी झाली. दोनांत झाली नाही, कण घाईनं एकमेकांना धरून बसले आणि तसेच अडकले. ते का, हे मला अजून माहीत नाही. पाचाची कडी सहाही ठिकाणी शून्य, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. हे सगळं, पेपर बाजूला ठेवल्याच्या चुकीसकट, मी समितीला सांगितलं. समितीतल्या पुरुषोत्तम सरांनी विचारलं, "कल्पना सुचली कशावरून?" मी म्हटलं, "ब्लाउजवरून." सरांनी चष्मा काढून पुसला. विद्या मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या.

दोन वर्षं मिळाली. अकोल्याला आता दिवाळीला जाईन.

तुम्ही काही बिघडवलं नाहीत. हे सकवारबाईंना जेवणाच्या आधी सांगावं.

आता टेम्पोबद्दल. मला २७ जानेवारीलाच कळलं होतं. टिचबटण हलवून लागत नाही, दाबून लागतं. शिवाय साठ चेंडूंच्या गोळ्यात कडेच्या चेंडूंना बाहेरून शेजारी नसतात, त्यामुळे मोकळी बटणं उरायलाच हवीत. तुम्ही एकही नाही म्हणालात. डब्यातून आलेल्या गोळ्यात मी मोजली, ब्याऐंशी होती. शिवकुमार यांना मी गेटपाशी विचारलं, "डबा किती दिवस टेम्पोत होता?" ते म्हणाले, "कसला डबा?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हां हां, तो डबा." ते चांगले साक्षीदार नाहीत. तिसऱ्या फेरीत 'उलट दोन सुटले' हे मात्र चांगलं होतं. खरे आकडे असेच बिघडलेले असतात. ती ओळ वाचून मी अर्धा मिनिट तुमच्यावर विश्वास ठेवला, हे नोंदीसाठी लिहून ठेवते.

अहवालाचं शेवटचं पान सोबत जोडलं आहे. इंग्रजीत आहे, म्हणून मराठी खाली देते:

'टिचबटणे लावण्याच्या सकवारबाई यांच्या पद्धतीमुळे या प्रकरणातील नियमाकडे पुन्हा लक्ष गेले. त्यांचे आभार. चिकपेट येथील श्री. संताजीराव यांनी पुरवलेले आकडे या कामात कोठेही वापरलेले नाहीत.'

दुसरं वाक्य काढून टाक असं विद्या मॅडम म्हणाल्या होत्या. मी काढलं नाही.

यशश्री


२९ मार्च
चिकपेट

यशश्री,

मी सकवार. शिवणीपेक्षा अक्षर वाकडं आहे, चालवून घे. हे त्यांना न सांगता लिहितेय. शिवकुमारला बजावलंय, कुणी विचारलं तर 'कसला कागद' म्हण. ते त्याला चांगलं जमतं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तुझा पहिला कागद मी स्वतः वाचला होता. तिसऱ्या ओळीसकट. दोन नर, दोन मादी म्हणजे प्रत्येक चेंडूला दोनदा डबी बदलायची, साठ चेंडूंना एकशे वीस वेळा. मी म्हटलं, ह्या मुलीला काय कळतंय, लागल्याशी मतलब. कंटाळा केला. मी वाचलंय हे त्यांना माहीत होतं. तुझ्यापुढं मला खाली बघावं लागू नये म्हणून त्यांनी आपण वाचून दाखवायला विसरलो असं लिहिलं. ते खड्डे, तो टेम्पो, त्या पाच फेऱ्या, सगळं तेवढ्यासाठीच. तू सगळं पकडलंस, एवढं एक सुटलं. तुझ्या त्या वेगळ्या पानावर हेही लिहून ठेव.

अंगठा बरा आहे. ते दोन रन का अडकले ते मला येऊन दाखव. अडकलेलं बटण सोडवायची पण एक रीत असते. रविवारी ये, जेवायलाच ये.

तुझं पान त्यांनी फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलंय. येईल त्या गिऱ्हाइकाला दुसरं वाक्य वाचून दाखवतात आणि म्हणतात, एवढ्या मोठ्या संस्थेनं ज्याचं काहीसुद्धा वापरलं नाही, आणि तरी नाव छापलं, असं दुसरं दुकान अख्ख्या चिकपेटेत दाखवा.

सकवार